शाळेत काय शिकवायचे, हे गावच ठरवत असते

या पानावर आपण एरवी बियाणे, खत, फवारणी, पीक विमा यावर बोलतो. आज थोडे शाळेच्या वाटेने जाऊ. विषय आमच्या खात्याबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल, पण पुढे वाचाल तेव्हा तो सोयाबीनपर्यंत कसा येतो ते दिसेल.

शाळेत काय शिकवायचे हे कोण ठरवते, असे पारावर विचारले तर उत्तर ठरलेले असते. "पुण्याचे साहेब ठरवतात." दुसरा म्हणतो, "मंत्रालय ठरवतं." वरवर ते खरेही आहे. पुस्तक बालभारतीचे, शासन निर्णय मुंबईचा. आपण फक्त लेकरू पाठवायचे आणि निकाल बघायचा. पण खरेच आपल्या हातात काही नसते का?

फार जुनी गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. राज्यभर विरोध झाला. १७ जूनला सुधारित निर्णय काढून सक्ती थोडी सैल केली, तरी लोक गप्प बसेनात. शेवटी २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले. हिंदी असावी की नसावी, हा वाद इथे घालायचा नाही. मुद्दा एवढाच की अडीच महिन्यांत राज्याचा निर्णय फिरला, आणि तो लोकांनी फिरवला. म्हणजे अभ्यासक्रमाची दोरी वाटते तेवढी लांब नाही.

आपल्या मराठवाड्याला तर हे दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. निजामाच्या राजवटीत प्रजा मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी आणि राज्यकारभार उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू. वरच्या वर्गात जायचे, नोकरी धरायची तर उर्दू आलीच पाहिजे. ज्याची सत्ता त्याची भाषा, आणि ज्याची भाषा त्याची शाळा. आजही जमिनीचा जुना वाद निघाला की घरातल्या पेटीतून उर्दू कागद बाहेर येतो आणि तो वाचणारा माणूस शोधत फिरावे लागते. आजोबांच्या सहीचा कागद नातवाला वाचता येत नाही. शाळेतली भाषा बदलली की काय होते, ते या पेटीत बघा.

त्या काळात सरकारी शाळेत मिळत नाही ते लोकांनी स्वतः उभे केले. १९२१ मध्ये आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. एका आडगावच्या शाळेतून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते तयार झाले, कारण आपल्या लेकरांना काय शिकवायचे हे तिथल्या लोकांनी ठरवले होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि मराठी शाळेत हक्काने आली. तरी मोठ्या शिक्षणाची वाट बरीच वर्षे हैदराबादकडेच जात होती. आपल्या चाकूरचे शिवराज पाटील, जे १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते, त्यांनी विज्ञानाची पदवी उस्मानियातूनच घेतली. मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५८ साली झाले आणि नांदेडचे विद्यापीठ १९९४ साली.

मग इंग्रजीची पाळी आली. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. शहरातल्या विद्वान मंडळींनी बरीच टीका केली. खेड्यात मात्र फारशी कुरकूर झाली नाही, कारण खेड्याला इंग्रजी हवीच होती. सातबाऱ्यावर दोन एकर आणि घरात दोन पोरं असलेला माणूस दुसरा काय हिशोब करणार? आता तर पिवळी गाडी रोज सकाळी रस्त्याच्या गावात येते, इंग्रजी शाळेची लेकरं घेऊन जाते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी पट टिकवण्यासाठी सेमी इंग्रजीचा वर्ग काढतात. कोणाचा हुकूम नव्हता. पालकांनी पायाने मत दिले आणि शाळा त्यांच्या मागे गेली.

लातूर पॅटर्न कोणी घडवला?

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या नावानेच ओळखले जाते. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय आणि त्यांच्या मागोमाग इतर संस्थांनी बारावीच्या अभ्यासाची एक रीत बसवली. आधी अभ्यासक्रम उरकायचा, मग चाचणीवर चाचणी, सराव परीक्षा, चूक झाली की तिथेच दुरुस्ती. लातूरची पोरं गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि "लातूर पॅटर्न" हा शब्द महाराष्ट्रभर झाला. ही कमाई लहान नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची, मजुराची मुले डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. प्रत्येक मोठ्या गावात असे एक तरी घर आहे, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही.

पण हा पॅटर्न फक्त प्राध्यापकांनी घडवला असे समजू नका. तो मागणीने घडला. पावसाचा भरवसा नाही, कारखानदारी नाही, जमीन तुकड्या-तुकड्यांत गेलेली. अशा मुलखाने शाळेकडे एकच गोष्ट मागितली, बाहेर पडायचे दार. जोवर बोर्डाच्या गुणांवर प्रवेश होता तोवर बोर्डाची तयारी झाली. सीईटी आली तेव्हा सीईटीची. २०१६ नंतर देशभर नीटवरच वैद्यकीय प्रवेश ठरू लागले, तेव्हा नीटची. परीक्षा बदलली की शिकवणे बदलले. पुस्तकातला जो धडा परीक्षेत येत नाही तो पुस्तकात असूनही शिकवला जात नाही. मराठीपेक्षा आयटीत गुण जास्त पडतात म्हणून सायन्सच्या पोरांनी बारावीला मराठी सोडली, हे घरोघरी बघायला मिळते. क्रॉप सायन्स नावाचा दोनशे गुणांचा विषयही बारावीला आहे, म्हणजे चक्क पीकशास्त्र. तो विषय घेणाऱ्या पोराला "कोणतं पीक घेणार?" असे विचारून बघा. तो गुणांबद्दल बोलेल. आणि मागणी फार तापली की काय होते, तेही २०२४ च्या नीट पेपरफुटीच्या तपासात लातूरचे नाव देशभर आले तेव्हा आपण पाहिले.

आता सोयाबीनकडे येतो. मागच्या खरिपात एका गावात शिवारफेरी होती. पीक महिनाभराचे झाले होते. एक मालक युरियाची गोणी बांधावर ठेवून उभे. "पान पिवळं पडलंय साहेब, एक गोणी फेकून देतो." त्यांचा मुलगा शेजारीच होता. लातूरला नीटची तयारी करतो, सुटीला गावाकडे आलेला. मी त्याला सहज विचारले, शेंगवर्गीय पिकाच्या मुळावर कोणता जिवाणू असतो? पोराने पापणी लवायच्या आत सांगितले, राइझोबियम. हवेतला नत्र स्थिर करतो. वर इंग्रजीतली ओळही म्हणून दाखवली. म्हटलं, शाब्बास, आता खाली वाक आणि एक झाड उपट बरं. झाड उपटले, माती झटकली. मुळाला गाठी लगडलेल्या. नखाने फोडून बघितली तर आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ काम करते आहे, झाडाला नत्र मिळतो आहे. अठरा वर्षांचे पोरगे, जन्म त्याच शेतात, आणि मुळावरची गाठ पहिल्यांदा बघत होते!

पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होता, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी होते. त्यावर फेरस सल्फेटची फवारणी, युरिया नव्हे. सोयाबीनला उभ्या पिकात युरिया टाकला तर झाड नुसते माजते, शेंगा कमी लागतात. सामू वाढला की लोह पिकाला का मिळत नाही, हेही त्या पोराच्या रसायनशास्त्राच्या हद्दीतले. एकाच घरात बापाजवळ गोणी होती आणि मुलाजवळ ज्ञान होते. दोघे एकाच बांधावर उभे होते, पण त्या ज्ञानाचा शेताशी काही संबंध आहे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हते. मुलाचा दोष नाही. त्याला कोणी तसे सांगितलेच नाही.

का सांगितले नाही? इथे थोडे कडू बोलतो, राग मानू नका. आपल्या घरात लेकराला धाक कशाचा घालतात? "शिकला नाहीस तर ढोरं राखावी लागतील." "नापास झालास तर नांगराला जुंपीन." जी शेती आपण सजा म्हणून दाखवतो, ती शाळा विषय म्हणून कशी शिकवेल? गुरुजीसुद्धा शेतकऱ्याच्याच घरातले, त्यांनीही लहानपणी तेच ऐकलेले. पालकसभेत कोणी उठून "माझ्या लेकराला माती परीक्षणाचा कागद वाचता येत नाही" असे म्हणाल्याचे मी तरी ऐकले नाही. इंग्रजीचे म्हणतात, गणिताचे म्हणतात. जे मागितले ते मिळाले.

वडवळ नागनाथच्या संजीवनी बेटावर वनौषधी शोधायला दुरून माणसे येतात. त्याच तालुक्यातली डॉक्टर होऊ बघणारी किती पोरं त्या बेटावर दोन तास फिरली असतील? हे आपले उगीच मनात आले म्हणून लिहिले.

जुनी मागणी, तिचे काय झाले?

शेती शाळेत शिकवा, ही मागणी आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध वाचन, लेखन, हिशेब यांच्या बरोबरीने शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे असावेत असे मागितले. शेतीच्या धड्यांना जोडून प्रत्यक्ष काम शिकायला शाळेजवळ नमुन्याचे लहानसे शेत असावे, असेही म्हटले. जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. पुढे १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम आली. सूत, शेती, हस्तोद्योग यांतून शिक्षण. ती आपल्याकडे टिकली नाही. नंतर वेळापत्रकात कार्यानुभव आला. तो तास आठवतो का? आमच्या वेळी कागदाची फुले आणि आइसक्रीमच्या काड्यांचे घर एवढ्यावर तो संपायचा. शेतकऱ्यांच्या गावात!

हे सगळे का फसले? पैसे नव्हते, शिक्षक तयार नव्हते, ही कारणे आहेतच. पण मोठे कारण लोकांच्या मनात होते. "साहेबाची पोरं इंग्रजी शिकणार आणि आमची सूत कातणार?" हा प्रश्न खेड्याने विचारला, आणि तो चुकीचा नव्हता. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या घराने तर तो अधिक जोरात विचारला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला शाळेत पुन्हा खुरपे कोण देणार? बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना गावकीच्या कामातून सुटायची वाट तिथून मिळाली. त्या माणसांना "शेतीकडे वळा" असे सांगायला जाणे म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ.

म्हणून मी शाळेत पोरांना शेतीकामाला लावा असे म्हणत नाही. शाळेच्या आवारातले गवत पोरांकडून काढून घेणे म्हणजे कृषी शिक्षण नव्हे, आणि कोणी तसे करत असेल तर पालकांनी जाब विचारावा. माझे म्हणणे एवढेच आहे की गणित आणि विज्ञान जे आहे तेच शिकवा, पण उदाहरण आपल्या शिवारातले घ्या. टक्केवारी शिकवायला बँकेचे व्याज चालते, तशी युरियाची गोणीही चालते. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे नत्र किती? २० किलो ७०० ग्रॅम. डीएपीची ५० किलोची गोणी, १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, म्हणजे ९ किलो आणि २३ किलो. सोयाबीनला एकरी १२ किलो नत्र आणि २४ किलो स्फुरद लागते, तर डीएपीच्या एका गोणीने किती भागले? सातवीच्या पोराला हे दहा मिनिटांत जमते. पुढे ते पोरगे डॉक्टर झाले तरी त्याचे काही बिघडत नाही, आणि बापाची एक गोणी वाचते.

असे कुठे झाले आहे का? झाले आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, तोही दुष्काळी पट्टाच, डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधक, ते सोडून खेड्यात येऊन बसले. त्यांनी आठवी ते दहावीसाठी कार्यक्रम आखला, ज्यात शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि कार्यशाळेतले काम असे चार भाग. पोरं हाताने काम करतात आणि गावाला लागणारी सेवा देतात. राज्य मंडळानेही त्याला विषय म्हणून मान्यता दिली. तिकडे अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्यासारख्याच विस्तारवाल्यांना अडचण होती. नवे मक्याचे बियाणे बापलोक हातात घेईनात. मग पोरांचे मका-क्लब निघाले, पोरांनी छोट्या तुकड्यावर नवे वाण लावून दाखवले आणि शेजारी बापाचा मका होताच, डोळ्यांना फरक दिसला. आमच्या खात्याने हा धडा घ्यावा असे मला मनापासून वाटते. आजही ई-पीक पाहणी मोबाइलवर भरायची म्हटली की मालक पोरालाच हाक मारतात ना?

गावाच्या हातात काय आहे

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम. समिती म्हणजे सहीचे रजिस्टर नव्हे. बऱ्याच ठिकाणी मात्र अध्यक्ष कोण यावर भांडण होते आणि ते मिटले की समिती झोपते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कामाची ओळख करून घ्यायला ठेवले आहेत. हे दहा दिवस कसे वापरायचे यावर समितीने गुरुजींशी बसून बोलावे. नुसते गॅदरिंगसारखे उरकू देऊ नये. शाळेला परसबाग असेल तर खिचडीत पडणारी मेथी किती किलो निघाली, याची नोंद पोरांच्या वहीत राहावी.

येत्या हंगामाआधी समितीच्या बैठकीत एक ठराव घ्या, बियाणे उगवण चाचणी शाळेत करण्याचा. शाळा जूनच्या मध्यात उघडते आणि पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, म्हणजे वेळ बहुतेक जुळते. पाऊस लवकर आला तर पोरांनी घरी करावी, हिशोब शाळेत करावा.

करायचे काय, तर घरचे राखून ठेवलेले सोयाबीन न निवडता, सरसकट मूठ घालून शंभर दाणे मोजायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचे. असे तीन नमुने. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे आणि तिन्हींची सरासरी काढायची. सत्तर किंवा वर आली तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. पासष्ट आली तर किती? तीस गुणिले सत्तर भागिले पासष्ट, म्हणजे सव्वाबत्तीस किलोच्या आसपास. साठाच्या खाली गेली तर ते बियाणे पेरायचे नाही, बाजाराला दाखवायचे. पेरण्याआधी दहा किलोला पाव किलो राइझोबियम चोळायचे, हेही पोरांनी फळ्यावर लिहावे.

पत्र्याच्या छपरावर किती पाणी पडते, हेही त्याच आठवड्यात मोजता येते. शंभर चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या पोराला हे गणित पाठ हवे.

तीस-पस्तीस दिवसांनी वर्ग शाळेजवळच्या शेतात न्यावा. मालकाला आधी विचारावे, चार झाडे उपटण्यापुरती. प्रत्येक गटाने गाठी मोजून वहीत लिहाव्यात. चाचणीचे आकडे घरनिहाय शाळेच्या फळ्यावर मांडा आणि त्याची एक प्रत तुमच्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्या. कोणाचे बियाणे कमी उगवते हे पेरणीआधी आठवडाभर कळले, तर दुसरे बियाणे बघायला वेळ मिळतो.